पूर्ण नाव सांगा

२०१८ च्या मार्चअखेर उत्तर प्रदेश सरकारने एक आदेश काढला : राज्याच्या सगळ्या सरकारी दप्तरांत यापुढे बाबासाहेबांचे नाव ‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’ असे लिहावे. आदेशामागे तेव्हाचे राज्यपाल राम नाईक यांचा पाठपुरावा होता. नाईक मूळचे सांगली जिल्ह्यातले. राज्यघटनेच्या प्रतीवर बाबासाहेबांनी देवनागरीत केलेली सही त्यांनी पुरावा म्हणून पुढे ठेवली होती. उत्तरेत वाद पेटला. हे ‘रामजी’ आताच कुठून निघाले, त्यात राजकारण किती, यावर चर्चा झडल्या. आदेशामागच्या हेतूबद्दल महाराष्ट्रातही लोक बोलले, पण ‘रामजी’ म्हणजे कोण हे इथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. सुभेदार रामजी सकपाळ हे बाबासाहेबांचे वडील, आणि मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव मधे असायचेच.

खरी गोष्ट ‘आंबेडकर’ या शब्दात आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर झाले, आणि आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांनी शाळेत ते ‘आंबेडकर’ करून घातले, असे चरित्रकार सांगतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत मुलाचे नाव पटावर चढले, ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो या प्रवेशाच्या आठवणीसाठी. पुढे भिवाचा भीमराव झाला, सकपाळांचे आंबेडकर झालेच होते. नावाच्या तीन भागांपैकी दोन बदलले. जागचे हलले नाही ते एकटे मधले ‘रामजी’.

मराठी नावाचा सगळा इतिहास या एका उदाहरणात सापडतो. आज आपण आडनावाला नावाचा पाया मानतो. घराणे, कूळ, जात, गाव, सगळे त्यात शोधतो. मधले नाव फॉर्मचा रकाना भरण्यापुरते उरले आहे, सहीत त्याचे एक अक्षर येते, भेटकार्डावर तेही नसते. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे कागद मात्र उलटे बोलतात. तिथे माणसाची ओळख त्याच्या बापाच्या नावाने पटायची. आडनाव बदलत असे, गळत असे, कधी नव्याने चिकटत असे.

शिवाजी महाराजांची संस्कृत मुद्रा घ्या. ती शहाजीपुत्र शिवाची मुद्रा म्हणून स्वतःची ओळख करून देते. ‘भोसले’ हा शब्द तीत नाही. महाराजांच्या कारभाऱ्यांची नावे पाहा : मोरो त्रिमल, अण्णाजी दत्तो, निळो सोनदेव. यातले दुसरे नाव बापाचे. ‘पिंगळे’ आपण आज मोरोपंतांच्या पुढे हटकून लावतो, तेव्हाच्या लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटत नव्हती. निळो सोनदेवांचा मुलगा रामचंद्र नीलकंठ. आज्ञापत्राचे कर्ते अमात्य ते हेच. सोनदेवाचा निळो, निळोचा रामचंद्र, अशी तीन पिढ्यांची साखळी दोन नावांत वाचता येते. त्याच घराण्याला पुढे बावड्यावरून ‘बावडेकर’ हे नाव रूढ झाले.

पेशव्यांच्या मुद्रांतही हाच शिरस्ता. बाजीरावाच्या मुद्रेत छत्रपती शाहूंच्या नावामागून ‘बाजीराव बल्लाळ मुख्यप्रधान’ येते. बल्लाळ म्हणजे बाळाजी. पहिल्या पेशव्याचे, म्हणजे बापाचे नाव. स्वतःचे नाव, बापाचे नाव, हुद्दा. एवढ्यावर अटकेपर्यंतचा कारभार चालला. श्रीवर्धनच्या या घराण्याचे आडनाव भट होते, ते मुद्रेवर कधी आले नाही. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ, अशी नावे ओळीने लावली की आणखी एक चाल दिसते. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव फिरून येते आणि मधल्या जागी बसते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा इथे गोंधळ होतो. घरात तो होत नसे, कारण घरात ही नावे वापरतच नसत. सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, आणि मुलाला तर तेच नाव ठेवलेले. मग मुलगा बाळ, नाना, बापू, भाऊ होतो. बाळाजी बाजीराव सगळ्यांचा ‘नानासाहेब’ झाला. टिळकांचे खरे नाव केशव; घरातले ‘बाळ’ एवढे घट्ट बसले की ते ‘बाळ गंगाधर’ म्हणूनच इतिहासात गेले.

बापाचे नाव लिहिण्याच्या पद्धती मात्र जातीगणिक वेगळ्या होत्या, आणि त्या वेगळेपणातून समाजाची उतरंड स्वच्छ दिसते. ब्राह्मण आणि लेखणीवर जगणाऱ्या घराण्यांत बापाचे नाव सरळ जोडून लिहीत. मराठा, कुणबी आणि इतरांच्या नावात मधे ‘बिन’ येई : अमका बिन तमका. मुसलमानांच्या नावात ‘वलद’. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ घालून नवऱ्याचे नाव. संस्कृतातला ‘भ्रतार’ सोडला तर अरबी-फारसीतून आलेले हे शब्द इंग्रजी अमलातही टिकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालपत्रांत वादी-प्रतिवादींची नावे याच ‘बिन’, ‘वलद’, ‘कोम’सह छापलेली आहेत. जमिनीच्या जुन्या फेरफारांतून ती आजही डोके वर काढतात, आणि वारसाहक्काच्या भांडणात ‘बिन’च्या पुढचे नाव जुळले की नाही यावर सगळे ठरते.

गावचा एखादा महजर पाहिला तर हे अगदी जवळून दिसते. वतनाचा तंटा, गोतसभा बसलेली, निवाड्याखाली साक्षीदारांची नावे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी कुलकर्णी नाव लिहितो, आणि त्याच्याजवळ तो माणूस आपली निशाणी करतो. पाटील नांगर काढतो, बाकीचे आपापल्या धंद्याचे हत्यार. माणसाची ओळख पटवायला तीन गोष्टी पुरत : स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गावात तो काय करतो ते. चौथी गोष्ट, आडनाव, असले तर असे.

याचा अर्थ आडनावे नव्हती असा नाही. जाधव, मोरे, शिर्के, चव्हाण ही कुळांची नावे जुनी आहेत. तुकोबांचे घराणे मोऱ्यांच्या कुळातले आणि आडनाव अंबिले. म्हणजे कूळ एक आणि आडनाव दुसरे असेही चाले. पण आडनाव घट्ट नव्हते, ही गोष्ट खरी. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावी राहिले आणि निंबाळकर झाले. पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव हे दाणी. विंचूरची जहागीर आली आणि घराणे विंचूरकर म्हणून नांदले. वाईचे रास्ते मूळचे गोखले. नाना फडणवीस कागदोपत्री ‘बाळाजी जनार्दन’, आडनाव भानू, आणि ‘फडणवीस’ हा त्यांचा हुद्दा. चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस, पोतदार, मुजुमदार, हवालदार ही सारी नावे कचेरीतून घरात आली. नोकरी गेली, दौलत बुडाली, पाटी तेवढी राहिली. पाटील आणि कुलकर्णी यांचेही तेच. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली, मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने. वतने सरकारजमा झाली, पण आडनावांवर कोणाला टाच आणता आली नाही.

फुल्यांचे उदाहरण तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असावे असे आहे. कटगुणचे गोऱ्हे पुण्यात आले, पेशव्यांना फुले पुरवू लागले, आणि फुले झाले. हातातल्या कामाने मिळालेले नाव जोतीराव गोविंदरावांनी असे उंचावले की आज ते ऐकून फुलांचा धंदा कोणाच्या मनातही येत नाही.

गोव्यात मंगेशीच्या देवळाभोवती एकाच परिसरातून दोन नावे कशी निघाली, हेही पाहण्यासारखे आहे. देवावर अभिषेक करणारे ते अभिषेकी. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे नाव तिथले. दीनानाथांचे वडील गणेशभटही त्याच देवळाचे पुजारी. पण दीनानाथांनी गावाचे आणि देवाचे नाव उचलले, आणि ‘मंगेशकर’ हे आडनाव त्यांच्यापासून जगभर पोचले. मंगेशीपासून थोड्या अंतरावर, तिसवाडी-साष्टीच्या जुन्या काबिजादींत, पोर्तुगिजांच्या अमलात हजारो घरांची आडनावे एका पिढीत बदलली. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे नाव मिळे : फर्नांडिस, डिसोझा, परेरा. तिथे ते नाव बदलणे खुशीचे कितपत होते हा प्रश्न इतिहासाने सोडवलेला नाही, आणि तो हलक्याने घेण्यासारखाही नाही.

मग आडनाव घट्ट कधी झाले? साहेबाच्या रजिस्टरांनी ते घट्ट केले. १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणी सुरू केली, सारा थेट खातेदाराकडून घ्यायचा ठरला, आणि प्रत्येक शेताला एक खाते, प्रत्येक खात्याला एक नाव लागले. त्यामागून शाळेचा पट, पलटणीची हजेरी, कोर्टाचे दावे, रेल्वेची नोकरी, गिरणीचा मस्टर. सगळ्या ठिकाणी तीन रकाने. ज्याचे आडनाव नव्हते त्याला ते तिथल्या तिथे घ्यावे लागले, गावाला ‘कर’ लावला की काम भागे. कोकणात आणि गोव्यात प्रत्येक वाडीचा ‘कर’ असल्यामुळे तिकडे हे सोपे गेले. चांदा-नांदेडच्या पट्ट्यात ‘वार’ लागले : कन्नमवार, मुनगंटीवार, वडेट्टीवार. मराठवाड्यात पाटील-देशमुखांची गर्दी एवढी की आडनावापुढे आणखी एक आडनाव लावावे लागले. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि शिवराज पाटील चाकूरकर ही नावे त्यातूनच घडली. साताऱ्याच्या मास्तरांनी शतकापूर्वी टाकाच्या एका फटकाऱ्यात जे केले त्यासाठी आता प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाला तीर्थोपाध्ये पहिल्यांदा विचारतात ते आडनाव आणि मूळ गाव. तेवढ्यावर ते बासनातली योग्य वही काढतात आणि पणजोबाने कधी, कोणाबरोबर येऊन नाव लिहिले ते वाचून दाखवतात. आडनावाचा एवढा चांगला उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल. बाकी ठिकाणी ‘आडनाव काय?’ हा प्रश्न बहुधा जात काढण्यासाठी असतो. खोली भाड्याने देताना, सोयरीक जुळवताना, वर्गात नवा मुलगा आला की. मधल्या नावाने जात कळत नाही. रामजी, गोविंद, गंगाधर, गणपत कोणाच्याही घरी असतात. आपल्या नावाच्या तीन भागांत सगळ्यात निर्मळ भाग हाच आहे, आणि नेमका तोच आपण एका अक्षरात गुंडाळतो.

हे मधले नाव किती मोलाचे होते याची खरी कसोटी दत्तविधानात लागे. मूल दत्तक गेले की त्याचे पहिले नाव बहुधा बदले, मधले नाव तर बदलेच; आणि मधले नाव बदलले की गोत्र, वारसा, पिंड देण्याचा हक्क, सगळे त्याबरोबर बदले. विष्णु सखाराम खांडेकर जन्मले तेव्हा गणेश आत्माराम खांडेकर होते. विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, जन्मले तेव्हा गजानन रंगनाथ शिरवाडकर होते. मराठीतले ज्ञानपीठाचे पहिले दोन मानकरी, १९७४ चे आणि १९८७ चे, दोघेही दत्तक गेलेले, दोघांचीही पहिली दोन नावे बदललेली, आणि दोघांचेही आडनाव तेच राहिले कारण दत्तक घरातल्या घरात होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. त्या बाल राजाचे दिवाण होते सर टी. माधवराव, तंजावरकडचे मराठी. नावाआधीचा ‘टी’ म्हणजे तंजावर. गाव नावाच्या पुढे लावायचे ही तमिळ मुलखाची रीत त्यांच्या घराण्याने घेतली होती. कवळाण्याच्या मुलाला आणि तंजावरच्या दिवाणाला मराठी एकच, पण नाव मांडायच्या दोन तऱ्हा.

झाशीची गोष्ट तर नावावरच उभी आहे. नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, गंगाधरराव नेवाळकरांनी आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदर ठेवले. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या पोटच्या मुलाचे नाव तेच होते. धर्मशास्त्राने तो ‘दामोदर गंगाधर’ झाला. डलहौसीने ते मानले नाही, १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. कमी लोकांना ठाऊक असते ते हे की दामोदररावांचे आयुष्य इंदुरात गेले आणि त्यांच्या वंशजांनी आडनाव लावले ‘झांशीवाले’. गेलेल्या राज्याची आठवण त्या आडनावात राहिली.

इथवर सगळी नावे बहुतेक पुरुषांची आली. बायकांच्या नावाची कथा वेगळी आहे आणि ती सांगताना आवाज जरा खाली आणावा लागतो. पुरुषाचे नाव बदलले तर दत्तकाने, जहागिरीने, हुद्द्याने. म्हणजे काहीतरी हाती आले म्हणून. बाईचे नाव लग्नाच्या दिवशी एकदम तिन्ही भागांत बदले. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे. १८७३ मध्ये कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. पुढच्याच वर्षी कल्याणची यमुना गोपाळराव जोश्यांच्या घरी आनंदी झाली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. जलालपूरची मनू गोखले लक्ष्मी टिळक झाली. गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, वर्षभरात वारल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत त्यांच्या रक्षेवरच्या दगडावरही सासरचेच नाव आहे. यमुना या मुलीची नोंद कल्याणात संपली.

आणि जे नाव तिच्या नावाच्या मधोमध बसवले ते तिने तोंडाने घ्यायचे नाही! नवऱ्याचे नाव घेतले तर त्याचे आयुष्य घटते, ही समजूत. म्हणजे स्वतःचे पूर्ण नाव सांगायची सोय बाईला नव्हती. मधे कोणाला तरी बोलावे लागे, किंवा मग सणासमारंभात, चार बायकांच्या आग्रहावरून, उखाण्यात गुंफून ते घ्यायचे. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यात न्यायमूर्तींचा उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हटले. ज्या आडनावात त्या स्वतः लग्नाने आल्या, तेच त्यांनी नवऱ्यासाठी हाक म्हणून वापरले. हा फरक लहान वाटतो, पण लहान नाही.

यातून वाट काढणाऱ्या बाया होत्याच. ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे वडिलांच्या आडनावाने जगल्या. बाळूताई खरे यांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिले ते विभावरी शिरूरकर या नावाने, आणि विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. तीन नावांपैकी ‘विभावरी’ हे एकटे त्यांनी स्वतः निवडलेले. हुजूरपागा असो की सेवासदन, जुन्या शाळा-संस्थांच्या दप्तरात एखाद्या बाईचा माग काढू पाहणाऱ्या अभ्यासकाला आजही हाच अडथळा येतो : माहेरचे नाव माहीत असेल तर सासरचे सापडत नाही, आणि उलट. नवरा गेला की नावामागचे ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ येई. २०२३ च्या एप्रिलमध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ असे लिहावे, अशी सूचना मंत्रालयातून पुढे आली तेव्हा राज्यभर बायकांनी तिला विरोध केला, तो योग्यच होता.

परदेशी गेलेल्या नावांचे काय झाले, हेही थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्या मराठी लोकांची नावे पोर्ट लुईच्या धक्क्यावर कारकुनांनी लिहून घेतली. त्यांना तीन भागांचा मेळ समजला नाही, त्यामुळे बापाचे किंवा आजाचे पाळण्यातले नाव आडनाव होऊन बसले. मॉरिशसच्या एके काळच्या मंत्री शीलाबाई बापू या मराठी घरातल्या. त्यांचे ‘बापू’ हे आडनाव त्याच तऱ्हेचे. तिथे आडनाव बुडाले आणि मधले नाव पुढे चालू राहिले.

मधल्या नावाची ताजी घडामोड मात्र इथलीच. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव वेगळ्या जागी बरीच वर्षे छापले जाते. संजय लीला भन्साळी यांनी आईचे नाव आपल्या नावात घेऊन पडद्यावर आणले, त्यालाही आता कित्येक वर्षे झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला : १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहायचे. ५ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत मुख्यमंत्रिपदाची शपथ झाली ती ‘देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस’ या नावाने.

महाराष्ट्राच्या मातीला हे अगदीच नवे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. सातवाहन राजे आपली ओळख आईच्या नावाने दगडावर कोरत होते. ती नावे आईच्या गोत्रावरून पडली, असे अभ्यासक मानतात, आणि राज्यावर बसायचे ते मुलगेच, हे खरे. तरीही आईच्या बाजूची ओळख लपवावी असे त्यांना वाटले नाही.

२०२४ चा निर्णय चांगला आहे, पण अर्धा आहे. विवाहित बाईच्या बाबतीत त्याने जुनीच पद्धत चालू ठेवली : तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. मिळकतीच्या कागदावर तिला लग्नाआधीच्या नावाने नोंद करण्याची मुभा दिली, ही जमेची बाजू. म्हणजे आज जन्मलेली मुलगी शाळेत आईचे नाव मिरवील आणि लग्नानंतर, कोणी मुद्दाम अडवले नाही तर, आई आणि बाप दोघेही तिच्या नावातून निघून जातील. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा देशात नाही. रूढी आहे, सासरचा आग्रह आहे, आणि बँकेच्या काउंटरवरचा ‘मग आडनाव वेगळे कसे?’ हा प्रश्न आहे. त्या प्रश्नाला कंटाळून नाव बदलणाऱ्या बाया कमी नाहीत. शासनाने दुसरी ओळ लिहायला हवी : जन्मनोंदणीत लिहिलेले नाव विवाहित बाईने स्वतः मागितल्याखेरीज कोणत्याही कचेरीने बदलू नये.

तोवर घरोघरी करता येण्यासारखे एक काम आहे, आणि ते लवकर करायला हवे. आपल्या आजीचे आणि पणजीचे लग्नाआधीचे पूर्ण नाव विचारून घ्या : पाळण्यातले नाव, तिच्या वडिलांचे नाव, आईचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव. कुलवृत्तांतात आणि सातबाऱ्यावर पुरुषांची नावे सापडतील. ही नावे फक्त घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना ठाऊक असतात. वहीत लिहा, खाली तारीख घाला, आणि त्या वहीची एक प्रत माहेरच्या नातेवाइकांकडेही द्या.